चार वायरी, एका मापाच्या

आधी माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. आमच्याकडे आजवर जे लिहिलं गेलं ते म्हणजे रजेचे अर्ज, क्वार्टरचं छप्पर गळतं अशी दर वर्षीची तक्रार, आणि बहिणीच्या लग्नाच्या वेळी पत्रिकांवर घातलेले पत्ते. बारावी झाल्यापासून हे सगळं खातं माझ्याकडे आलं, कारण कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. पण अर्ज लिहिणं वेगळं. अर्जात ‘सविनय’ म्हटलं की पुढचं आपोआप येतं. इथे तसं काही आधाराला नाही.

दुसरी माफी मराठीबद्दल. रायपूरला आमच्या घरात वऱ्हाडी, रस्त्यावर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी आणि कॉलेजात इंग्रजी असा चार चुलींवरचा स्वयंपाक असतो. ही पुस्तकातली मराठी मी मराठी मंडळाच्या वाचनालयात बसून शिकलो. कुठे करपली असेल तर सांभाळून घ्या. आणि विषय म्हणाल तर मोबाईलचा अँटेना. त्याबद्दलही माफी. पण माझ्यापाशी सांगण्यासारखं एवढंच आहे.

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमचं गाव एका सकाळी राजधानी झालं, तेव्हा मी शाळेत होतो. पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी झाली. जिथे तिथे ‘राज्य’ हा शब्द नव्या रंगात दिसू लागला. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, त्यांच्यामागे साहेब आले, साहेबांच्या मागे मोबाईल आले, आणि मोबाईलच्या मागे टॉवर. तेलीबांध्याला तलावाजवळ आमचं रेल्वेचं क्वार्टर. तिथल्या अंगणातून मी मोजायचो. दहावीला एक टॉवर दिसत होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलो तेव्हा मोजणं सोडलं होतं.

माझे बाबा छोट्या लाइनवर की-मॅन. रायपूरहून अभनपूरमार्गे धमतरीला जाणारी ती अडीच फुटी लाइन. रोज पहाटे हातोडा, दोन झेंड्या आणि लोखंडी गेज घेऊन बाबा आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जायचे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मोजायची पट्टी. ती सगळीकडे सारखी बसली पाहिजे. बोटभर अंतर वाढलं तर गाडी उतरते. तीस वर्षं हे केल्यामुळे बाबांची नजर अशी झाली होती की जेवायला बसले तरी ताटातल्या पोळ्या एकसारख्या करून ठेवत. आई चिडायची. “पोळ्या खायच्या हाय का मोजायच्या?”

माझ्या विषयाची निवड माझ्या भिडस्तपणामुळे झाली. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी गाइड सर यादी वाचत होते. चोर आल्यावर वाजणारी घंटी, पाण्याच्या टाकीचा अलार्म असे चांगले सोपे विषय पुढच्या बाकावरच्या पोरांनी उचलले. सरांनी मग माझ्याकडे बघून विचारलं, “स्मार्ट अँटेना?” मला सरांना ‘हो सर’ सोडून दुसरं काही म्हणता येत नसे. म्हणालो, “हो सर.”

माझा पार्टनर ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यातला. त्याचे आजोबा विदर्भातून आलेले, घरात सगळे मराठी बोलतात, पण त्याला मराठीत काही विचारा, उत्तर हिंदीतच येणार. वर्गाबाहेर आल्या आल्या त्याने माझी कॉलर धरली.

“भाई, तू समझता है ये क्या होता है?”

“नाही.”

“फिर हाँ काहे को बोला?”

“सर विचारून राहिले होते ना.”

“सर कल कुएँ में कूदने का पूछेंगे तो?”

मी विचार करू लागलो, तर तो म्हणाला, “रहने दे, मत सोच.”

पुढचे दोन महिने आम्ही वाचनालयात काढले तेव्हा कुठे विषय कळला. कळल्यावर मात्र तो मला फार आवडला. टॉवरवरचा साधा अँटेना हा ऑटोवरच्या भोंग्यासारखा. साड्यांचा सेल लागला की भोंगा लावलेला ऑटो गल्लीगल्लीतून फिरतो. ज्याला साडी घ्यायची त्याला ऐकू येतं, आणि ज्या बाईचं बाळ आत्ताच झोपलंय तिलाही ऐकू येतं. स्मार्ट अँटेना पंगतीत वाढणाऱ्या मावशीसारखा. ती मांडवभर ओरडत नाही. ज्याचं ताट रिकामं, त्याच्यापाशी वाकून हळूच विचारते, “भात वाढू का?” शेजारच्याला पत्ताही लागत नाही. टॉवरनेही ज्याचा फोन आहे त्याच्याच दिशेने लहरी पाठवायच्या. याला बीमफॉर्मिंग म्हणतात.

आणि खरी गंमत अशी की यात अँटेना वळवावा लागत नाही. एका ओळीत तीन-चार छोटे अँटेना उभे करायचे. सगळ्यांना एकच लहर द्यायची, पण एकदम नाही. पहिल्याला आधी, दुसऱ्याला किंचित उशिरा, तिसऱ्याला त्याहून उशिरा. अँटेना जागच्या जागी उभेच, पण त्यांची मिळून जी लहर निघते ती एका अंगाला वळते. मोठ्या यंत्रांत हा उशीर किती करायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. आमच्याकडे ते काही नव्हतं. आमच्याकडे होती टीव्हीच्या केबलची वायर. लांब वायरीतून लहर उशिरा पोचते. तर प्रत्येक वायर आधीच्यापेक्षा चार बोटं लांब कापायची, झाला उशीर तयार.

तेलाच्या रिकाम्या पिप्याचा पत्रा सरळ केला. त्यावर सायकलच्या तारांचे चार तुकडे वीतभराहून कमी अंतरावर ओळीने उभे केले. लहर सोडणारी डबी सरांनी प्रयोगशाळेतून दिली. लहर ओळखणारी डबी आम्ही बनवली. तिच्यावर एक काटा होता. लहर जोरात आली की काटा वर चढे. वायरी ओळीने जोडल्या की लहर डावीकडे जायची, आणि त्याच वायरी उलट्या क्रमाने जोडल्या की उजवीकडे.

पहिली चाचणी आमच्या अंगणात झाली. पार्टनर आला नव्हता, म्हणून काट्याची डबी आईच्या हातात दिली. ती पापड वाळत घालत होती.

“हे धरून कुठं जाऊ?”

“तुळशीपाशी जा. हळूहळू. काटा पाहत राह्य.”

आई नववधूसारखी एकेक पाऊल टाकत निघाली. तुळस डाव्या अंगाला होती. मध्येच ती किंचाळली, “चढला रे, चढला!”

मी वायरी उलट्या जोडल्या. आता तुळशीपाशी काटा पडला, आणि आई उजवीकडे नळापाशी गेली तेव्हा पुन्हा चढला. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, “काय शोधून राहिल्या हो वहिनी?” आई म्हणाली, “माह्या पोट्ट्यानं हवा वळवली!”

तेव्हा बाबा लाइनवर होते. त्यांनी ही चाचणी पाहिली नाही. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. बाबांनी मला दोन-तीनदा विचारलं होतं, “हे काय बनवून राहिला?” आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो होतो, “मोबाईलचं काही तरी आहे, बाबा.” मला सांगता आलं नसतं असं नाही. मी धरूनच चाललो होतो की त्यांना समजणार नाही. बाबा मान हलवायचे आणि पत्र्याचा कोपरा कुठे वाकला असेल तो सरळ करून द्यायचे.

या प्रोजेक्टवर काय अवलंबून होतं तेही सांगतो. कॉलेजात मोबाईल टॉवरची कामं करणारी एक कंपनी आली होती. तिचं ऑफिस तेलीबांध्यालाच, नव्या रस्त्यावर. त्यांनी आमच्यातले पाच जण निवडले, त्यात मी पाचवा. अट एकच. याच निकालात सगळे विषय सुटले पाहिजेत, एकही अडकता कामा नये. लेखी परीक्षेची मला फार भीती नव्हती. मी लिहून बरा, बोलून वाईट. तोंडी परीक्षेत माझी जीभ टाळूला चिकटते. आणि प्रोजेक्ट सगळा तोंडीच असतो. बाहेरगावचे परीक्षक येतात, यंत्र चालवून दाखवायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. आईने तर सगळ्या रेल्वे कॉलनीत सांगून टाकलं होतं की पोरगं टॉवरवाल्या साहेबांकडे लागलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी प्रोजेक्टचा अहवाल बाइंडिंगला टाकायला ब्राह्मणपाऱ्यात गेलो. परत आलो तर चारही वायरींची चार सुबक वेटोळी करून, लाल धाग्याने बांधून, पत्र्यावर मांडून ठेवलेली.

“गुंता झाला होता,” बाबा म्हणाले. “नीट करून ठेवल्या.”

“बरं झालं, बाबा.” मी घाईत होतो. वेटोळी सोडून पाहिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. प्रयोगशाळेत आम्ही पत्र्यासमोर तीन खुर्च्या ठेवल्या, एक डावीकडे, एक मध्ये, एक उजवीकडे. परीक्षक वयस्कर होते, प्रवासाने दमलेले. आत आले आणि पहिल्यांदा जी खुर्ची दिसली तिच्यावर बसले. ती मधली होती. त्यांना उठा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

पार्टनर छान बोलला. राजधानी, वाढते मोबाईल, वाढती गर्दी, सगळं हिंदीत आणि थोडं इंग्रजीत. मग हात पसरून म्हणाला, “सर, अब बीम बायीं तरफ जाएगी.”

मी वायरींवर टाकलेल्या नंबरांप्रमाणे त्या जोडून बटण दाबलं. तो डबी घेऊन डाव्या खुर्चीपाशी गेला. काटा पडून राहिला. त्याने डबी हलवली, थोपटली. काही नाही. तो मागे सरकत मधल्या खुर्चीपाशी आला आणि काटा टणकन वर गेला. अगदी परीक्षकांच्या पोटासमोर.

“ये बायाँ है?” परीक्षकांनी विचारलं.

“सर, एक मिनट. दायें वाली दिखाते हैं.”

मी वायरी उलट्या क्रमाने जोडल्या. उजव्या खुर्चीपाशी काटा मेलेला. मध्ये आला की पुन्हा परीक्षकांवर. आणखी एकदा बदललं. पुन्हा तेच. सर आमच्याकडे बघेनात, खिडकीतून बाहेर बघू लागले.

परीक्षक म्हणाले, “ये तो मेरे ही पीछे पड़ गया है.”

मागे कोणी तरी हसलं. परीक्षक उठले, पत्र्याजवळ आले, त्यांनी एका वेटोळ्याचा लाल धागा सोडला. मग दुसऱ्याचा. चारही वायरी टेबलावर शेजारी शेजारी ताणून धरल्या आणि माझ्याकडे बघून स्टीलची पट्टी मागितली. पट्टीची गरजच नव्हती. चारही वायरी सारख्या होत्या. अशा सारख्या की केसही मध्ये घालता आला नसता. टोकांचे कनेक्टर काढून, वायरी सर्वांत लहान वायरीच्या मापात कापून, ते पक्कडीने पुन्हा पक्के बसवलेले होते. माझ्यापेक्षा चांगले.

माझ्या डोळ्यांपुढे बाबा आले, चष्मा नाकावर घेऊन, ओसरीवर पाय पसरून बसलेले.

“रिपोर्ट में तो लंबाइयाँ अलग-अलग लिखी हैं,” परीक्षक म्हणाले. “किसने काटे?”

पार्टनरने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेव्हाच कळलं होतं. मी म्हणू शकत होतो, आमच्याकडून चूक झाली. पण वायरींचं काम इतकं नेटकं होतं की ते माझं आहे असं म्हणणंही खोटं ठरलं असतं.

“माझ्या... मेरे पिताजी ने, सर. वो छोटी लाइन पर की-मैन हैं.”

“उनको क्या लगा?”

“लगा होगा कि मैंने टेढ़े-मेढ़े काट दिए.”

पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. मी चार वर्षं कॉलेजात खाली मान घालून काढली होती, हसणाऱ्यांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मला राग आला. स्वतःसाठी नाही. बाबांनी जे केलं होतं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. चूक मी न सांगण्यात होती.

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तो बीम सीधी क्यों आई? ये बताओ. तुम बताओ, ये नहीं.” पार्टनरने उघडलेलं तोंड मिटलं.

मी सुरुवात केली ती कशी केली, आठवत नाही. मी रूळ सरकवण्याबद्दल बोलू लागलो. उन्हाने लाइन वाकडी झाली की गँगची, म्हणजे लाइन दुरुस्तीची, माणसं ओळीने उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात सब्बल, आणि मेट, म्हणजे त्यांचा मुकादम, हाक देतो. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा हे पुष्कळदा पाहिलं होतं. हाकेबरोबर सगळ्यांनी एकदम जोर लावला तर रूळ ओळीच्या सरळ समोर सरकतो. पण पहिल्याने आधी जोर लावला, दुसऱ्याने जरा मागून, तिसऱ्याने त्याच्यामागून, तर रूळ तिरपा जातो. माणसं तीच, जोर तोच, फक्त वेळ वेगळी. आमचे चार अँटेना म्हणजे चार गडी. वायरी लहान-मोठ्या असत्या तर जोर एकामागून एक पोचला असता आणि लहर तिरपी गेली असती. बाबांनी वायरी सारख्या केल्या, म्हणून चौघांनी एकदम जोर लावला आणि लहर सरळ गेली. क्रम उलटा केला तरी फरक पडणार नव्हता, कारण उलटवायला काही वेगळं उरलंच नव्हतं. म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, सर. यंत्राला जे सांगितलं ते त्याने बरोबर केलं.

इतकं मी त्याआधी कॉलेजात एका दमात कधीच बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर लक्षात आलं की अर्धं मराठीत बोललो होतो. परीक्षक समजले की नाही कोण जाणे. त्यांनी पाण्याचा ग्लास संपवला.

“ये सब पिताजी को पहले बताया था?”

“नहीं, सर.”

“हूँ.” त्यांनी कागदावर काही लिहिलं. चेहऱ्यावर काही नाही. “ठीक है. अगला ग्रुप.”

बाहेर येताच पार्टनरने माझ्या खांद्यावर हात टाकला. मग म्हणाला, “भाई, चाचा जी को मेरा प्रणाम बोलना. मैंने इतना सही कटिंग आज तक नहीं देखा.” आणि आम्ही दोघे जिन्यात बसून वेड्यासारखे हसलो. हसू ओसरल्यावर गाइड सर आले. ते म्हणाले, उत्तर चांगलं होतं, पण यंत्र चाललं नाही ते नाहीच चाललं. मार्क परीक्षकांच्या हातात. दोन वर्षांपूर्वी एक ग्रुप अशाच कारणाने अडकला होता. आता वाट बघा.

घरी बाबा दारातच उभे होते. “वायरी चालल्या का?”

“हो, बाबा. एकदम सरळ चालल्या.”

खोटं नव्हतं. पण दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा लाइनवरून आल्यावर हात-पाय धूत होते, तेव्हा नळापाशीच मी सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. बाबांनी नळ बंद केला. टॉवेल खांद्यावर तसाच.

“मले वाटलं तुले टाइम भेटला नाही. एक एवढी, एक एवढी. साहेब लोक हसतील म्हटलं माह्या पोराले.”

“चूक माझी आहे, बाबा.”

“मंग तू सांगितलं काहून नाही, का लहान-मोठ्याच पाहिजे म्हून? मी काय शाळेत नाही गेलो म्हून मले सांगायचंच नाही?”

 आई आतून म्हणाली, “मले तर यानं डबी धरायले देल्ली होती. मीबी नाही सांगितलं तुमाले.” त्यामुळे बाबांना आणखीच वाईट वाटलं असावं. ते ओसरीवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. हातात खडूचा तुकडा होता, रुळावर खुणा करायचा. फरशीवर त्यांनी चार रेघा मारल्या होत्या.

“हे चार गडी. हा पयला. यानं आधी जोर लावला. बरोबर?”

“हो.”

“हा जरा मागून. हा अजून मागून. मंग इकडं जाईन.” त्यांनी तिरपी रेघ मारली. “आन् इकून सुरू केलं तं तिकडं.”

“हो, बाबा. अगदी तसंच.”

बाबांनी बोटांवरचा खडू झटकला. मग मान वर करून म्हणाले, “हे तं आमचंच काम हाय. याले चार वर्षं काहून लागली तुमाले?”

आई आत इतकी हसली की तिच्या हातातली परात पडली.

पण निकाल येईना. आज येईल, उद्या येईल असं करत आठवडे गेले. निवडलेल्या पाचांपैकी एकाने तर नवे बूटही घेतले. कॉलनीत पाऊल टाकलं की कोणी ना कोणी विचारायचं, “कब से जा रहे हो ऑफिस?” बाबा विचारत नसत. ते माझ्यापुढून जाताना नुसते घसा खाकरत, आणि ते मला विचारण्याहून जास्त लागे. मी नापास झालो तर बाबा आयुष्यभर स्वतःला दोष देणार, हे मला दिसत होतं. नोकरीपेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती होती.

शेवटी आई म्हणाली, जा, ताईकडे राहून ये. ताईचं सासर अभनपूरला, बाजारपेठेत भाऊजींचं बियाण्याचं दुकान. मी छोट्या लाइनने गेलो. त्या गाडीचा वेग असा की शेतातली बाई खिडकीतल्या बाईशी बोलत चालू शकते आणि बोलणं पुरं झालं की थांबते. ताईने पहिल्याच दिवशी ताकीद दिली, “इथं निकालाचं नाव नाही काढायचं.” आणि संध्याकाळी स्वतःच विचारलं, “लागला का रे?”

भाऊजींनी नवा मोबाईल घेतला होता आणि तो मला वापरायला दिला. अभनपूरला तेव्हा एकच टॉवर, तोही दूर. घरात आवाज यायचाच नाही. भाऊजी मला टोमणे मारायचे, “काय इंजिनिअर साहेब, तुमची ती वळणारी हवा इकडं वळवा ना जरा.” मी फोन घेऊन गच्चीच्या चारी कोपऱ्यांत उभा राहून पाहिलं. पार्टनरचा आवाज एकदा आला. तो म्हणाला, “भाई, रिजल्ट...” आणि फोन कटला. त्यानंतर दुपारभर मी गच्चीवर कडक उन्हात उभा, फोन कधी कानाला, कधी डोक्यावर धरून. खालून ताईचे सासरे ओरडले, “अरे, याला कोणी खाली घ्या, ऊन लागंन!” निकाल लागला होता, की लागणार होता, की लागला नव्हता, काहीच कळेना.

संध्याकाळच्या गाडीने रायपूरचं वर्तमानपत्र यायचं. मी स्टेशनवर गेलो. निकाल छापून आला असेल तर त्यात नंबर शोधता येईल, एवढीच आशा. प्लॅटफॉर्मवर धान्याची पोती, दोन-चार बायका, चहावाला. गाडी नेहमीसारखी रमतगमत आली. मी पेपरच्या गठ्ठ्याकडे धावलो, तेवढ्यात शेवटच्या डब्यातून गार्ड खाली उतरला आणि सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं ओरडला, “की-मैन साहब का लड़का कौन है?”

मी हात वर केला.  मला वाटलं, बाबांना काही झालं.

गार्ड हसत होता. तो सांगू लागला. पार्टनरने ब्राह्मणपाऱ्यातल्या सायबर कॅफेत निकाल पाहिला, फोन लागेना म्हणून स्कूटरने, वाटेत त्या कंपनीच्या ऑफिसात विचारून, आमच्या क्वार्टरला गेला, तिथे आईने सांगितलं की बाबा लाइनवर आहेत, तर हा स्कूटर टाकून रुळाच्या कडेने चालत गेला आणि दोन मैलांवर बाबांना गाठलं. बाबांनी ही गाडी येताना पाहिली. लाल झेंडी काही दाखवली नाही. खासगी कामासाठी गाडी थांबवतील ते बाबा कसले. गाडीबरोबर धावले. हिरवी झेंडी एका हातात धरून, गार्डच्या डब्याला दुसरा हात लावून, पन्नाशीचा माणूस शंभर पावलं धावला आणि निरोप पोचवून थांबला.

“क्या बोले?” मी विचारलं. 

गार्डने छातीवर हात ठेवला. बाबांच्याच दमलेल्या आवाजात, श्वास घेत घेत, छत्तीसगढीत म्हणाला, “कहिन हे, सब्बो बिसय म पास। प्रोजेक्ट म भी पास। सोमवार के दस बजे तेलीबांधा के ऑफिस म बुलाय हें।”